जेट स्प्रे, वास आणि तीनदा बदललेली औषधं

लालबागमध्ये राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका बाईंची ही केस आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात दुर्मिळ काही नाही. उलट हा प्रकार इतका नेहमीचा आहे की ओपीडीत पाच मिनिटांत निपटला जातो, आणि म्हणूनच वर्षभर सुटत नाही.

तक्रार आणि आधीचे कागद

बाई फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करतात. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकट्यानंतर कॉपर-टी बसवलेली. पाळी नियमित. मधुमेह, थायरॉइड काही नाही. बसल्या बसल्या त्यांनी सगळं एका दमात सांगितलं: "मॅडम, अंगावरून पांढरं जातं, वास येतो, औषध घेतलं की थांबतं आणि महिना-दीड महिन्यात परत सुरू." खाज फारशी नाही, पण बाहेरच्या भागाला मधूनमधून चुणचुण. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात नाही. पाळी संपल्यावर आणि संबंध आल्यावर वास जास्त. चिंचपोकळीहून सीएसएमटीपर्यंत चारच स्टेशनं, पण तेवढ्या वेळातही त्या कोणाच्या शेजारी बसत नसत, दाराशी उभ्या राहत. पाळी नसतानाही रोज पॅड.

पिशवीतून आधीचे कागद निघाले. पहिल्यांदा केमिस्टने दिलेलं गोळ्यांचं किट, एका दिवसात घेऊन संपवायचं. दुसऱ्यांदा फॅमिली डॉक्टरांकडून बुरशीसाठी आत ठेवायच्या गोळ्या. त्यांनी काहीच फरक पडला नाही. तिसऱ्यांदा एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडून मेट्रोनिडाझोल या जंतूंवरच्या औषधाचा सात दिवसांचा कोर्स. त्याने वास गेला आणि साधारण दोन महिन्यांनी परत आला. त्या तिसऱ्या चिठ्ठीवर औषधाच्या खाली एक ओळ होती: स्वच्छता राखा.

ती ओळ बाईंनी मनापासून पाळली होती, औषधापेक्षा जास्त.

धुण्याची हकिकत

"आतून धुता का?" असं थेट विचारलं की बहुतेक बायका नाही म्हणतात. प्रश्न आरोपासारखा वाटतो, आणि 'आतून' म्हणजे नेमकं कुठून हेही दोघींच्या मनात एकच असेल असं नाही. त्याऐवजी "सकाळी बाथरूममध्ये गेल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा" असं विचारलं, आणि या केसमधलं सर्वांत महत्त्वाचं निदान तिथेच झालं.

लग्नानंतरची बरीच वर्षं हे कुटुंब चाळीत होतं. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. आंघोळ घरातल्या मोरीत, नळाच्या वेळेत. धुणं म्हणजे तांब्याभर पाणी आणि हात. चाळ पुनर्विकासात गेली, अडीच वर्षांपूर्वी टॉवरमधल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. स्वतःचं बाथरूम, दाराला कडी, चोवीस तास पाणी आणि कमोडशेजारी जेट स्प्रे. बाईंनी आधी तो पाळीच्या दिवसांत वापरला. धार आत सोडली की रक्त एकदम धुवून निघायचं आणि हलकं वाटायचं. चौथ्या दिवशी न्हाऊन देवापुढे दिवा लावायचा तर आतूनही स्वच्छ असावं, असंही मनात होतं. मग संबंधांनंतर धुणं सुरू झालं, मग रोज.

वास त्यानंतर काही महिन्यांनी आला. वास आला म्हणून धुणं वाढलं. पाण्याने भागेना तेव्हा बोटाला साबण लावून. नवरा एकदा काहीतरी बोलला, तेव्हापासून मगात झाकणभर जंतुनाशक टाकून. जावेने सुचवलं म्हणून काही दिवस तुरटीचं पाणी. शेवटी जाहिरात पाहून आणलेला इंटिमेट वॉश. तो बाहेरून वापरायचा असतो हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बाई तो आत वापरत होत्या. तपासायला येण्याआधीही त्या धुऊनच आल्या होत्या. डॉक्टरांना वास जाऊ नये, एवढाच हेतू.

त्यामुळे पहिल्या दिवशी तपासणीत हाती फारसं लागलं नाही. योनिमार्गात स्राव जवळपास नव्हताच, आम्लता मोजणाऱ्या सामूच्या, म्हणजे पीएचच्या, पट्टीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता (सामू जितका कमी, तितकं आम्ल जास्त). बाहेरची त्वचा मात्र लालसर, कोरडी, बारीक चिरा पडलेली. ही त्वचा साबणाने आणि जंतुनाशकाने भाजलेली होती, तिथे संसर्ग नव्हता. त्यांना सांगितलं की दोन-तीन दिवस आत काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, संबंध नकोत, आणि मग या. त्या खजील झाल्या. "तसं कसं येऊ मॅडम?" तसंच यायचं, असं दोनदा सांगावं लागलं.

तपासणी

दुसऱ्या भेटीत चित्र स्वच्छ होतं. पातळ, करड्या-पांढऱ्या रंगाचा, भिंतींना एकसारखा लिंपल्यासारखा स्राव. सामू ५.५. बाळंतपणाच्या वयातल्या निरोगी योनिमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो. काचपट्टीवरच्या स्रावात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कधर्मी द्रावाचा थेंब टाकताच माशांसारखा वास उठला. सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल दिसल्या: योनिमार्गाच्या अस्तराच्या पेशी, ज्यांच्या कडा जंतूंच्या थरामुळे अस्पष्ट होतात. ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरणारा परजीवी नाही, बुरशीही नाही. १९८३ साली आम्सेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चार निकषांपैकी (स्राव, सामू, वास, क्लू सेल) तीन जुळले तरी बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनिमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा आजार, म्हणता येतं. इथे चारही जुळत होते. लॅबमध्ये ग्रॅम स्टेनने रंगवलेल्या काचपट्टीवर, जंतू मोजून शून्य ते दहा गुण देणारा न्यूजेंट स्कोअर ८ आला. सात ते दहा म्हणजे आजार पक्का.

गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर दुखलं नाही, म्हणजे संसर्ग वर चढल्याची खूण नव्हती. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची चाचणी, घेतला. वर्षभर दुर्गंधी येणारा स्राव असताना आणि बाईने कधीच पॅप केलेला नसताना सगळं एका साध्या निदानावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. तो नॉर्मल आला. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) निगेटिव्ह, साखर नॉर्मल.

बुरशीच्या गोळ्यांनी फरक का पडला नव्हता, तेही इथेच कळतं. बुरशीच्या संसर्गात खाज मुख्य असते, स्राव फुटलेल्या दह्यासारखा घट्ट असतो, वास जवळपास नसतो आणि सामू सहसा ४.५ च्या आतच राहतो. पट्टी लावायला मिनिट लागत नाही. तरीही आपल्याकडे पांढरं जातं म्हटलं की बुरशी आणि जंतू दोन्हींवरचं एकत्र औषध लिहून मोकळं होण्याची रीत आहे.

आत काय घडत होतं

१८९२ मध्ये आल्बर्ट डोडर्लाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने निरोगी योनिस्रावात दांडीच्या आकाराचे जंतू असतात आणि ते आम्ल तयार करतात, हे दाखवलं. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्या साखरेवर हे जंतू जगतात आणि बदल्यात लॅक्टिक आम्ल सोडतात. त्या आम्लात बाहेरचे बहुतेक उपद्रवी जंतू तग धरत नाहीत. यातही जाती आहेत. क्रिस्पॅटस ही टिकाऊ आणि भरवशाची मानली जाते, इनर्स ही तितकीशी नाही.

पाण्याची जोरदार धार आत सोडली की हे जंतू, त्यांनी साठवलेलं आम्ल आणि भिंतीवरचा श्लेष्माचा पातळ थर, तिन्ही एकदम वाहून जातात. नुसतं पाणी एखाद्या वेळी गेलं तर ते बऱ्याचदा सावरतात. रोज धुतलं तर सावरायला वेळच मिळत नाही. साबण आणखी वाईट, कारण साध्या वडीच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. जंतुनाशकाला चांगला-वाईट जंतू ओळखू येत नाही. मग रिकाम्या झालेल्या जागेत प्राणवायूविना वाढणारे जंतू पसरतात: गार्डनेरेला, प्रिव्होटेला आणि त्यांचं गणगोत. गार्डनेरेलाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या हर्मन गार्डनर यांनी चार्ल्स ड्यूक्स यांच्यासोबत १९५५ मध्ये तो जंतू या आजाराशी जोडला. पण आजार एकट्या त्याचा नाही, अख्ख्या वस्तीचा आहे. हे जंतू भिंतीला चिकटून एक चिवट थर करतात, त्यात औषध पुरतं शिरत नाही, आणि मेट्रोनिडाझोलने बरं वाटल्यावरही आजार परत डोकं काढतो. औषधोपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त बायकांना तो परत होतो असं पाठपुराव्यात दिसलं आहे.

वास संबंधांनंतरच का वाढायचा, हा प्रश्न बाईंना सर्वांत जास्त छळत होता. नवऱ्याला वाटायचं ही स्वच्छ राहत नाही; बाईंना वाटायचं आपल्यातच काहीतरी घाण आहे. कारण रासायनिक आहे. हे जंतू अमाइन नावाची संयुगं तयार करतात. आम्लात ती विरघळून राहतात, पण सामू वाढला की वायू होऊन सुटतात. वीर्याचा सामू सात-आठच्या आसपास, रक्ताचा ७.४. म्हणून संबंधांनंतर आणि पाळीच्या शेवटी वास उसळतो. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मी जे केलं, तेच घरी रात्री होत होतं. हे समजावल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे मी उठून धुवायला जायचे, त्याचा काही उपयोगच नव्हता." उपयोग तासाभराचा होता. दुसऱ्या दिवशी सामू आणखी वर.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. आतून धुणाऱ्या बायकांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांतून आलेलं आहे. पण वास येतो म्हणून बायका धुतात, की धुतात म्हणून वास येतो, हे उलगडणं सोपं नाही. बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. ओटीपोटाच्या संसर्गाबद्दलही सगळे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत: काही अभ्यासांत संबंध स्पष्ट दिसला, काहींत दिसला नाही. या केसमध्ये क्रम मात्र बाईंनीच सांगितला होता: आधी जेट, मग काही महिन्यांनी वास, मग आणखी धुणं. एका बाईच्या आठवणीवरून सिद्धांत उभा राहत नाही, पण तिच्यावर उपचार ठरवायला तो क्रम पुरेसा आहे. शिवाय दुसऱ्या पारड्यात काय आहे? आतून धुण्याचा सिद्ध झालेला फायदा एकही नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असताना मात्र एचआयव्हीसह इतर लैंगिक संसर्गांची शक्यता वाढते आणि गरोदरपणात कमी दिवसांच्या प्रसूतीशी त्याचा संबंध आहे.

हा उद्योग फक्त आपला नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लायसॉल हे जंतुनाशक बायकांच्या 'अंतर्गत स्वच्छते'साठी म्हणून जाहिरातींतून विकलं जात होतं, आणि त्या जाहिरातींचा रोख संसार मोडण्याच्या भीतीवर असायचा. आजच्या बाटल्यांवर फुलं असतात आणि 'पीएच बॅलन्स्ड' लिहिलेलं असतं. भीती तीच.

उपचार, आणि बाईंचे प्रश्न

मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सात दिवस. हेच औषध त्यांनी आधी घेतलं होतं. या वेळी वेगळं एवढंच की त्यासोबत आत जाणारं सगळं बंद: जेट, बोट, साबण, जंतुनाशक, तुरटी, वॉश. बाहेरचा भाग आंघोळीत साध्या पाण्याने, हाताने. जेट फक्त शौचानंतर, धार मंद, पाणी पुढून मागे. भाजलेल्या त्वचेला पेट्रोलियम जेली. रोजचा पॅड बंद. काही आठवडे कंडोम.

गोळ्या लिहायला एक मिनिट लागलं, बाकीचं समजावायला अर्धा तास. पाळीचं रक्त आत साचून राहणार नाही का? नाही, ते आपसूक बाहेर येतं, योनिमार्ग स्वतःच्या स्रावाने स्वतःला साफ करतो. मग देवाजवळ? यावर डॉक्टरने बोलू नये असं काहींना वाटेल; मी म्हटलं, चाळीत तुम्ही तांब्याने बाहेरून धूत होतात, तेव्हा दिवा लावत होतातच ना. त्या हसल्या. मग दह्याचा प्रश्न आला, तो येतोच. दह्यात लॅक्टोबॅसिलस असतो, मग दही आत लावलं तर? दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे, योनिमार्गात ते वस्ती करत नाहीत. योनीतल्याच क्रिस्पॅटसचं औषध करून, मेट्रोनिडाझोलनंतर ते दिल्याचा एक नीट अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३० टक्के, न घेणाऱ्यांत ४५ टक्के. म्हणजे कल्पना चुकीची नाही, पण ते काम दह्याच्या वाटीचं नव्हे.

सर्वांत गरजेचं सांगणं हे की थोडं पांढरं जाणारच. दिवसाला एक ते चार मिलिलिटर स्राव नॉर्मल असतो, पाळीच्या मध्यावर तो पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. त्याला किंचित आंबूस वास असतो. तो वास आला म्हणून जेट उचलायचा नाही.

पुढे काय झालं

महिनाभराने वास नव्हता, सामू ४.५, त्वचा भरून आली होती. आणखी दोन महिन्यांनी त्या परत आल्या. गणपतीत घरी पाहुणे होते, त्याच आठवड्यात पाळी आली आणि त्यांनी दोन दिवस जेट वापरला होता. वास परत, सामू ५. न धुताही आजार परतू शकतो, त्यामुळे दोष फक्त जेटला देता येत नाही. या वेळी मेट्रोनिडाझोलचं ०.७५ टक्के जेल आत वापरायला दिलं आणि मूळ कोर्सनंतर आठवड्यातून दोनदा, सोळा आठवडे.

याच टप्प्यावर नवऱ्याला बोलावलं. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये नवऱ्याला औषध देण्याची गरज नाही असंच आम्ही शिकलो. मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांमध्ये पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर दोन टक्के क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. फक्त बाईला औषध दिलेल्या जोडप्यांत ते ६३ टक्के होतं. फरक इतका होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला.

कागदावर हे सोपं आहे, दोघांना समोर बसवून सांगणं अवघड. "नवऱ्यालाही औषध" म्हटलं की दोघांच्या डोक्यात एकच शंका येते, आणि ती बोलली जात नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं: कोणी बाहेर गेलं असा याचा अर्थ नाही. हे जंतू त्वचेच्या घडीत, मूत्रमार्गाच्या तोंडाशी राहू शकतात, पुरुषाला काही त्रास देत नाहीत, आणि दोघांमध्ये फिरत राहतात. तुमच्या घरात ते कुठून आले याचा शोध लागणार नाही आणि घ्यायची गरजही नाही. नवरा शिफ्टवरून थेट आला होता. बराच वेळ तो जमिनीकडे बघत होता, मग विचारलं, "मी बोललो होतो तिला वासाबद्दल. त्यामुळेच ती ते औषधाचं पाणी वापरायला लागली का?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, धुणं त्याआधीपासून होतं. ते खरंही होतं. त्याने सात दिवसांच्या गोळ्या आणि क्रीम पूर्ण केलं.

सोळा आठवडे संपून आता तीन महिने झाले. या काळात वास परत आलेला नाही. शेवटच्या तपासणीत सामू ४.२, क्लू सेल नाहीत, न्यूजेंट स्कोअर २. नेमकं कशाने जमलं? जेल, नवऱ्याचं औषध, की जेट बंद झाल्याने? तिन्ही एकाच वेळी झाल्यामुळे वेगळं काढता येत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने काढायचं कारणही नाही.

एक धागा बाकी आहे. कॉपर-टी असलेल्या बायकांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस थोडा जास्त आढळतो. ती लगेच काढावी इतका हा पुरावा भक्कम नाही, म्हणून ठेवली. पण त्यांची पाच वर्षांची आहे आणि मुदत येत्या काही महिन्यांत संपते. दुसरी बसवायची की हार्मोनची, की नवऱ्याने नसबंदी करून घ्यायची, हे दोघं ठरवताहेत. निर्णयाच्या दिवशी बाईंनी न धुता यायचं आहे, सामू आणि काचपट्टी त्याच दिवशी होईल.